पाऱ्याचा गुडघा आणि माझा उजवा पाय

श्यामलाकाकू ठोसरांनी मला पहिल्यांदा नीट निरखून पाहिलं, तेव्हा माझा उजवा पाय त्यांच्या कुत्र्याच्या मांडीवर होता.

त्याआधी वर्षभर आम्ही एकाच इमारतीत राहत होतो. शनिवार पेठेत, नदीच्या अंगाला, तीन मजली, लिफ्ट नसलेली इमारत. तिसऱ्या मजल्यावर काकू आणि त्यांचा कुत्रा पारा, दुसऱ्यावर मी आणि माझ्यासारखेच दोन नोकरदार भाडेकरू. जिन्यात भेटल्या की काकू विचारायच्या, "पाणी गेलंय का?" मी म्हणायचो, "नाही." संपली ओळख. आमच्या दर्यापूरला एवढ्या अवधीत शेजारी तुमच्या आत्याच्या सासऱ्याच्या मूळव्याधीपर्यंत पोचलेला असतो.

दिवाळीनंतरच्या एका शनिवारी मात्र काकू स्वतःहून खाली आल्या. धायरीला त्यांच्या मुलाकडे, सलिलकडे, नातीचा वाढदिवस होता. नातीच्या मैत्रिणी कुत्र्याला घाबरतात, म्हणून पाऱ्याला नेता येत नव्हतं.

"चेतन, तुम्ही विदर्भातले ना? मग जनावरांची सवय असेल," त्या म्हणाल्या. हे कौतुक होतं की टोमणा, हे मला अजून कळलेलं नाही. सोबत एक कागद दिला. सात सूचना. चौथी अशी: "पळवू नये. सहा वर्षांचा आहे, स्वतःला दोनचा समजतो."

सातही सूचना मी वाचल्या. पण रविवारी सकाळी नदीकाठी गेलो तेव्हा माझ्या खिशात टेनिसचा चेंडू होता, आणि मी म्हणजे दर्यापूर तालुक्यात बाउंड्रीवरून थेट स्टंप उडवणारा एकमेव फील्डर. घाटाच्या पायऱ्यांवर चेंडू फेकला. तो पायरीच्या कडेवर आपटून भलतीकडेच उडाला. पाऱ्याने हवेतल्या हवेत दिशा बदलली, एका पायावर उतरला, आणि असा केकाटला की समोर कपडे धुणाऱ्या बाईच्या हातातला साबण पाण्यात गेला. मागचा उजवा पाय त्याने वर घेतला तो घेतलाच.

आता एक गोष्ट सांगणं भाग आहे. मी पायाळू आहे. जन्माला येताना माझं डोकं नाही, पाय आधी बाहेर आले. आमच्याकडे समज असा की पायाळू माणसाने दुखऱ्या जागी पाय टेकवला की लचक उतरते, उसण जाते. पाचवीत असल्यापासून सकाळी आमच्या दारात कंबर धरून माणसं उभी राहायची. आमचे मुख्याध्यापक मला वर्गात मारायचे, आणि उसण भरली की कार्यालयाचं दार आतून लावून माझी लाथ खायचे. नियम साधे: तीन दिवस सकाळी, उपाशीपोटी, पूर्वेकडे तोंड, दर वेळी तीनदा पाय टेकवायचा. माणूस वडीलधारा असेल तर लगेच त्याच्या पाया पडायचं.

पाऱ्याला मी कडेवर घेऊन तिसऱ्या मजल्यावर आणलं तेव्हा साडेअकरा झाले होते आणि माझ्या पोटात दोन वडापाव होते. पण आणीबाणीत नियम शिथिल करावे लागतात. काकूंच्या दारासमोर त्याला आडवं निजवलं आणि पाय टेकवला. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा टेकवतोय तोच जिन्याच्या वळणावर केकचा खोका हातात घेतलेल्या काकू.

"काय चाललंय?"

"काकू, मी पायाळू आहे."

अशा प्रसंगी बोलायचं सर्वांत वाईट वाक्य कोणतं, असं कुणी विचारलं तर मी हे सुचवीन.

काकूंनी खोका कठड्यावर ठेवला. "तो चार पायांचा आहे," त्या म्हणाल्या, "तरी कुणाला लाथ मारत नाही."

मग मी सगळं सांगितलं, चेंडूसकट. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "रिक्षा बोलवा," एवढंच म्हणाल्या.

जनावरांच्या डॉक्टर रुपाली मॅडमनी गुडघा हलवून पाहिला, एक्स-रे फोटो काढले आणि आम्हाला समोर बसवलं. मांडीचं हाड आणि नळीचं हाड एकमेकांवरून घसरू नयेत म्हणून आत एक दोरी असते, ती तुटली आहे. चोवीस किलोच्या कुत्र्याला नुसत्या विश्रांतीने भागणार नाही. हाडाला काप देऊन, ते जरा फिरवून, पट्टी आणि स्क्रू बसवावे लागतील.

"पण ही दोरी एका दिवसात तुटत नाही," त्या म्हणाल्या. "आधीपासून झिजत आलेली असते. आजचा चेंडू म्हणजे शेवटचा धागा."

मी श्वास सोडला.

"म्हणजे ऐंशी टक्के झीज," काकू म्हणाल्या, "आणि वीस टक्के चेतन."

"आणि मी पाय लावला, त्याने काही...?"

"त्याने काहीच झालं नाही," डॉक्टर हसून म्हणाल्या. "वाईटही नाही आणि चांगलंही नाही."

"यातलं दुसरं मी लिहून ठेवते," काकू म्हणाल्या.

लिहून ठेवणं हा त्यांचा जन्माचा धंदा. चौतीस वर्षं त्या शिवाजीनगरच्या वेधशाळेत नोकरीला होत्या. सकाळी साडेआठ आणि संध्याकाळी साडेपाच, पारा किती, वारा कुठला, नोंद. लग्नाच्या दुसऱ्या दिवशीही त्या साडेआठची नोंद घ्यायला हजर होत्या, असं सलिलने मला नंतर सांगितलं. नवरा गेल्यावर वर्षभराने जिन्याखाली हे पिल्लू सापडलं, तेव्हा त्याचं नाव काय ठेवायचं याचा त्यांना फार विचार करावा लागला नसणार.

ऑपरेशनच्या दिवशी सलिल आला. भला माणूस. धायरीला नवव्या मजल्यावर राहतो, लिफ्ट आहे, जनरेटर आहे, गेटवर दोन वॉचमन आहेत, आणि हे सगळं आपल्या आईकडे नाही याची त्याला रात्रंदिवस टोचणी. डॉक्टरांनी सांगितलं की दोन महिने जिना बंद, उडी बंद, मग थोडं थोडं सुरू करून तीन महिन्यांनी तो आपल्या पायांनी चढायला लागावा. सलिलने ते वाक्य तिथेच उचललं.

"आई, क्लिअर बोलतो. तीन महिन्यांनी हा तिसऱ्या मजल्यापर्यंत स्वतः चढला नाही, तर मी त्याला धायरीला नेणार. तू त्याला उचलणार आहेस का? सदुसष्टाव्या वर्षी?"

"त्याला नेलंस तर मी काय करू?"

"तूही चल. तेच तर म्हणतोय पाच वर्षं."

काकू म्हणाल्या, "वेधशाळेची जागा हलवली की आधीच्या नोंदींना अर्थ राहत नाही."

सलिलला हे कळलं नाही. मला तेव्हा कळलं नाही, पण पुढे रोज सकाळी त्यांच्याबरोबर पाऱ्याला फिरवताना कळलं. गिरणीवाला, इस्त्रीवाला, फुलांच्या गाडीवरची आजी, सगळे त्यांना बघून घड्याळ लावायचे आणि त्या त्यांना बघून दिवस. धायरीच्या नवव्या मजल्यावरून हे दिसत नाही.

खर्चाचा अर्धा वाटा देतो म्हणालो, तर काकूंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी खिशात घातलेला हात तिथेच राहिला.

"पैसे नकोत," त्या म्हणाल्या. "उचला."

आणि मी उचलू लागलो. दिवसातून तीनदा, अठ्ठेचाळीस पायऱ्या खाली, अठ्ठेचाळीस वर, चोवीस किलो. गच्चीवर नेऊन पाहिलं होतं. तिथे कुंड्या होत्या, टाक्या होत्या, पाइप होते, पण पारा अर्धा तास आकाशाकडे बघत बसला. त्याला लागायचा तो गिरणीच्या पुढचा दिव्याचा खांब. पेठेतला कुत्रा; जागा बदल म्हटलं तर कुणाच्या बापाला ऐकत नाही. खाली उतरवलं की ठोसरकाकांचा जुना पंचा त्याच्या पोटाखालून घालायचा, दोन्ही टोकं हातात धरून मागचा भार तोलायचा आणि खांबापर्यंत मिरवणूक. टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात प्लास्टिकचं भलंमोठं नरसाळं होतं, ते जिन्यात प्रत्येक वळणावर आपटायचं. परत येताना माझा दम दुसऱ्या मजल्यावर, माझ्याच दारासमोर संपायचा. तिथे मी पाऱ्याला घेऊन पायरीवर बसायचो, आम्ही दोघं जीभ काढून धापा टाकायचो, आणि मग वर.

आठवड्यातले तीन दिवस माझं काम घरून असायचं. ते मी काकूंच्या जेवणाच्या टेबलावर हलवलं. मीटिंग चालू असताना मागे नरसाळं खुर्च्यांवर धडकायचं. मॅनेजर विचारायचा, "चेतन, घरी कन्स्ट्रक्शन चालू आहे का?"

"रिपेअरिंग," काकू स्वयंपाकघरातून उत्तर द्यायच्या.

त्यांनी एक रजिस्टर उघडलं होतं. सकाळी साडेआठ, संध्याकाळी साडेपाच. सूज किती, ती शिवणाच्या टेपने. गुडघा किती वाकतो, ते नातीच्या, ओवीच्या कंपासपेटीतल्या कोनमापकाने. पाय उचलून धरतो, टेकवतो की भार टाकतो. शेवटचा रकाना शेऱ्याचा. मोजमाप झालं की पाऱ्याला उकडलेल्या अंड्याची फोड. त्यामुळे आठ पंचविसाला तो स्वतःच आडवा पडून पाय पुढे करायचा. मग काकू दिवसाचा अंदाज वर्तवायच्या.

"आज पंजा टेकवण्याची शक्यता तुरळक. दुपारनंतर स्वभावात गडगडाट."

"काकू, तुमचे अंदाज खरे होऊन राहिले हां."

"होऊन राहिले नाहीत, ते होतातच. आणि चेतन, तुम्ही शेक द्यायला बसला आहात. पाय लांब ठेवा."

पायाळूपणावरून रोज एक टोमणा ठरलेला. कधी "आपला दवाखाना आज बंद का?" कधी "बूट घालून उपचार केले तर फी वाढते का हो?" मी ऐकून घ्यायचो. वीस टक्के माझे होते.

चौथ्या आठवड्यात मी पुन्हा माती खाल्ली. कुरिअरवाल्याला सही देताना दार उघडं राहिलं, जिन्यात मांजर होतं, आणि पारा तीन पायांवर पाच पायऱ्या उतरून गेला. संध्याकाळी सूज एक सेंटिमीटरने वाढलेली. दोन दिवस काकू फक्त आकडे सांगत होत्या, "छत्तीस पॉइंट दोन, लिहा." तिसऱ्या दिवशी सकाळी टेप लावली, चष्मा पुसला, पुन्हा लावली. "पस्तीस पॉइंट एक. चहा घेणार का?" तेव्हा मला कळलं की दोन दिवस त्या माझ्यावर रागावलेल्या नव्हत्या. घाबरल्या होत्या.

पाचव्या आठवड्यात, खांबापाशी, पाऱ्याने डावा मागचा पाय वर केला. सगळा भार ऑपरेशन झालेल्या उजव्यावर. दोन सेकंद, फार तर तीन. मी भर रस्त्यात ओरडलो. गिरणीवाला पिठाच्या हातांनी बाहेर आला. काकू म्हणाल्या, "ओरडू नका, त्याला संकोच होईल," आणि दिवसभर गुणगुणत होत्या.

आठव्या आठवड्यात फोटोत हाड जुळलेलं दिसलं. नरसाळं माळ्यावर गेलं. मग जिन्याचा अभ्यास: पहिल्या दिवशी एक पायरी, मग तीन, मग एक मजला. बाराव्या आठवड्यात पारा पट्ट्याने, हळूहळू, पूर्ण जिना उतरत होता आणि दोन मजले चढत होता. तिसऱ्याला मी उचलायचो. सलिल रविवारी अकराला परीक्षा घ्यायला येणार होता.

शुक्रवारी सकाळी सातला काकूंचा फोन आला. "वर या. एकटे या. आणि काही खाऊन येऊ नका."

दार उघडलं तेव्हा काकू कमरेत वाकलेल्या होत्या, एक हात भिंतीवर. तीन महिने रोज दोनदा जमिनीवर वाकून त्या पाऱ्याचा गुडघा मोजत होत्या. बुधवारी संध्याकाळी वाकल्या त्या सरळ झाल्याच नाहीत; गुरुवारी दाराच्या फटीतून पट्टा हातात देऊन त्यांनी ते माझ्यापासूनही लपवलं होतं.

"कोन किती आहे?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"चेष्टा नको. डॉक्टरकडे जाऊन आले. गोळ्या दिल्यात, चार-पाच दिवस पडून राहा म्हणाले. परवा सलिल येतोय. मला अंथरुणात बघितलं तर कुत्रा, मी आणि कपाट, तिघांनाही टेम्पोत घालेल. तुमचं ते... काय करता ते करा."

"काकू, तुम्ही? वेधशाळेतल्या?"

"वेधशाळेतून मी निवृत्त झालेय. दार लावा."

मला आमच्या मुख्याध्यापकांची आठवण आली.

त्यांना मी खिडकीकडे तोंड करून उभं केलं. "ही पूर्व," मी म्हणालो.

"ही पूर्व नव्हे. ही ईशान्येकडे झुकलीय. पूर्व कुठे आहे हे दर्यापूरने मला शिकवू नये." आणि तशा वाकलेल्या अवस्थेत, फ्रिज धरून, इंच इंच सरकत त्यांनी स्वतःची दिशा दुरुस्त केली.

माझा पाय उचलेना. कुत्र्याला लावला तेव्हा एवढं जड गेलं नव्हतं. "टेकवा हो," काकू म्हणाल्या, "माझी नोंद साडेआठला आहे." मग टेकवला. तीनदा, पीस ठेवावं तसा. पारा कोपऱ्यातून टक लावून बघत होता. त्याला बहुधा सगळं आठवत होतं. लगेच वाकून मी काकूंच्या पाया पडलो.

"औक्षवंत हो," त्या म्हणाल्या. आणि मग, "उद्या किती वाजता येतोस?"

मी वर पाहिलं. इतके दिवस अहो-जाहो होतं.

"लाथ खाल्ल्यावर कसलं अहो-जाहो," काकू म्हणाल्या.

शनिवारी दुसरी खेप झाली. तोवर त्या सरळ उभ्या राहू लागल्या होत्या. गोळीने म्हणा, गरम पिशवीने म्हणा, मी वाद घालत नाही. फक्त खाली वाकता येत नव्हतं. रविवारी सातला मी उपाशीपोटी वर गेलो, काकूंनी फ्रिज धरला, मी पाय उचलला, आणि बेल वाजली.

"आई! ट्रॅफिक लागू नये म्हणून लवकर निघालो!"

मी पाय खाली ठेवला. काकूंनी डोळ्यांनीच सांगितलं, राहू दे.

सलिल, ओवी, मी आणि पारा खाली उतरलो. खांबाला भेट दिली. काकू वरच्या कठड्याशी उभ्या राहिल्या. सलिलने मोबाइलचा कॅमेरा सुरू केला. पारा पहिला मजला चढला, कान ताठ, शेपूट वर. दुसरा चढला. आणि माझ्या दारासमोर येऊन बसला. मी पट्टा हलवला. तो माझ्याकडे बघत राहिला. मी ओळखतो ती नजर. तीन महिने रोज याच पायरीवर आम्ही बसलो होतो, आणि पुढचा मजला नेहमी माझ्या कडेवर. आताही तो कडेवर घ्यायची वाट बघत होता.

"दमला तो," सलिल म्हणाला. आवाजात आनंद नव्हता, पण फोन त्याने खिशात टाकला. "आई, मी म्हणत होतो ना."

"दमलेला नाही. लाडावलाय," वरून आवाज आला. पण तो आवाज जरा पातळ झाला होता.

पारा आडवा झाला. ओवी म्हणाली, "बाबा, मग पारा आता आपल्याकडे राहणार?" मी मनातल्या मनात दोन्ही पायांना नवस बोललो.

तेवढ्यात वरून काकूंचा खणखणीत आवाज आला. "पारा! साडेआठ!"

तो उठला. अंड्याच्या फोडीचा हुकूम होता तो. शेवटच्या सोळा पायऱ्या त्याने अशा चढल्या की पट्टा माझ्या हातातून सुटला. वर पोचून काकूंच्या पायाशी लोळला आणि शिस्तीत उजवा पाय पुढे केला.

मी घड्याळ पाहिलं. आठला पाच कमी होते. चौतीस वर्षांची नोकरी आणि त्यानंतरचं आयुष्य धरून, श्यामलाकाकूंनी वेळ चुकीची सांगितल्याची ही पहिलीच नोंद असावी.

सलिल धापा टाकत वर आला. कुत्र्याकडे पाहिलं, मग आईकडे. "आई, तू अशी ताठ का उभी आहेस?"

"अभिमानाने."

"आजी, माझी क्लिप पडली तुझ्या पायाशी."

"चेतन देईल," काकू जागच्या न हलता म्हणाल्या. "उचलायची सवय त्याला आहे."

सलिल चहा पिऊन, दोनदा "बघू" म्हणून आणि पाऱ्याच्या डोक्यावरून हात फिरवून गेला. जाताना जिन्यात मला म्हणाला, "आईची कंबर धरलीय ना?" मी म्हणालो, "थोडी." तो म्हणाला, "मला माहीत नाही हं," आणि उतरून गेला. म्हटलं ना, भला माणूस.

सोमवारी मी उपाशीपोटी पुन्हा वर गेलो. काकू जमिनीवर बसून पाऱ्याचा गुडघा मोजत होत्या.

"तिसरी राहिली," मी म्हणालो.

"बरी आहे मी. बऱ्या कमरेला कुणी पाय लावतं का?"

"अर्धवट सोडलं तर उलटतं म्हणतात आमच्याकडे."

"मग उलटलं की ये. तुझ्याकडे एक बाकी आहे, एवढं लक्षात ठेव." आणि त्यांनी रजिस्टर माझ्याकडे सरकवलं. शुक्रवार, शनिवार. पाऱ्याच्या आकड्यांखाली बारीक अक्षरात: "कंबर. उपचार: गोळी, शेक, इतर." रविवारपुढे "इतर" लिहून खोडलेलं.

गेल्या महिन्यात आमची खोली सुटली. ऑफिसच्या बसच्या सोयीसाठी आम्ही तिघं शहराच्या पूर्व टोकाला, मांजरीला राहायला गेलो. सामान उतरवताना पारा आपल्या चार पायांनी खालपर्यंत पोचवायला आला. माझ्या दारासमोर सवयीने बसला, मी बघत नाही म्हटल्यावर उठून चालू लागला.

मांजरीहून शनिवार पेठेत यायला रविवारीसुद्धा तासाच्या वर लागतो. तरी पंधरा दिवसांतून एकदा मी येतो, सकाळी, काही न खाता. काकू दार उघडतात, सरळ उभ्या असतात, आणि विचारायच्या आधीच सांगतात, "आज गरज नाही. पोहे केलेत." मग मी पोहे खातो, आणि एकदा खाल्लं की त्या दिवशी ते देणं फेडता येत नाही.